लिथियम चालू असलेले रुग्ण ऊसतोडीला निघालेत: गोळ्या किती द्यायच्या, तपासणी कधी?

उपकेंद्र_धारूर

नमस्कार. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. मानसिक आजाराची औषधं चालू असलेले काही जण दरवर्षी कोयत्यावर जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. जिल्हा रुग्णालयातून औषध मिळतं पंधरा दिवसांचं, फार तर महिन्याचं. पुढचे चार-पाच महिने विनाऔषध जातात.

साधारण तीन प्रकारचे रुग्ण असतात. एक, बायपोलरचा (मूड कधी उन्मादाकडे, कधी नैराश्याकडे जाण्याचा आजार) पुरुष, मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या ३०० मिलिग्रॅमच्या रोज तीन गोळ्या. दोन, स्किझोफ्रेनिया, रिस्पेरिडोन ४ आणि त्याच्या दुष्परिणामांसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम. तीन, पंचविशीतली बाई, बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएट. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी बेळगाव-बागलकोटकडे.

मानसोपचार तज्ज्ञांना विचारायचं आहे: जाण्याआधी कोणती तपासणी, किती दिवस आधी? हातात किती औषध द्यावं? सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावं? आणि "हंगामापुरतं लिथियम बंद करा, व्हॅल्प्रोएट लिहून द्या, त्याला रक्त तपासावं लागत नाही" असा सल्ला वरचेवर ऐकू येतो. तो बरोबर आहे का?

मनोविकार_मराठवाडा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण नुकसान तिथेच जास्त होतं. हंगामापुरतं लिथियम तोडणं चूक आहे. एकदम बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याची शक्यता खूप वाढते. बंद करायचंच झालं तर निदान चार आठवडे, जमल्यास तीन महिने घेऊन डोस उतरवत न्यावा लागतो. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबतचा सगळ्यात भक्कम पुरावा लिथियमचाच आहे. शेतकरी आत्महत्यांसाठी मराठवाड्याचं नाव घेतलं जातं, आणि तिथेच हे औषध कटकटीचं म्हणून मागे पडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. औषध स्वस्त आहे. कटकट आहे ती रक्तातली पातळी तपासायची सोय नसण्याची.

व्हॅल्प्रोएटचं म्हणाल, तर तुमच्या तिसऱ्या रुग्णाला ते आत्ताच बदलायला हवं. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण दर दहा बाळांत एकाला मोठं जन्मजात व्यंग येतं, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. मूल होण्याच्या वयातल्या बाई-मुलींना ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तिकडे पाळी चुकली तर कळायला दोन महिने जातात, आणि मज्जारज्जूचं व्यंग पहिल्या महिन्यातच ठरून गेलेलं असतं. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे का, गर्भपिशवी काढली आहे का, हे विचारल्याशिवाय तिची फाईल पुढे सरकवू नका. बीडच्या ऊसतोड महिलांमध्ये गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण किती जास्त आहे ते तुम्हाला माहीतच आहे. पिशवीसोबत अंडाशयही काढलं असेल तर कमी वयात पाळी गेल्याचा त्रास सुरू होतो: झोप उडते, चिडचिड होते, अंगातून वाफा निघतात. तो त्रास आजाराच्या खात्यावर टाकला जातो आणि गोळ्या वाढत जातात.

आता लिथियम. जाण्याच्या सहा आठवडे आधी रक्त घ्या. लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी), कॅल्शियम आणि वजन. शेवटची गोळी आणि सुई यांत बारा तास हवेत. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला नमुना, आणि सकाळची गोळी असेल तर ती नमुन्यानंतरच. कायमच्या डोसवर पातळी ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर असावी, १.० च्या वर नको. फडात (तोडणीच्या उसात) जाणाऱ्या माणसाची मी ०.६ च्या आसपासच ठेवीन, कारण घाम गाळला की ती आपोआप चढते. डोस बदलला तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. सहा आठवडे म्हणतो ते या दुसऱ्या तपासणीला वेळ मिळावा म्हणून.

नमुन्याची एक चूक वारंवार होते. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं. त्या नळीत रक्त घेतलं की पातळी भलतीच जास्त दिसते, आणि बरा चाललेला डोस कमी केला जातो. लाल टोपणाची साधी नळी वापरा, रक्त गोठू द्या, तासाभरात सीरम (वर सुटलेलं पिवळसर पाणी) वेगळं काढा. वेगळं केलेलं सीरम फ्रीजच्या थंडीत काही दिवस चांगलं राहतं. म्हणून ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला नमुना धाडणं अवघड नाही. थंड डब्यातून न्या, पण लसीचा डबा त्यासाठी वापरू नका.

कामाच्या जागेचं बोलू. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम फारसं वेगळं कळत नाही. घामातून मीठ गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्यासोबत लिथियमही धरतं. फेब्रुवारीनंतर ऊन चढतं, कोपीत (टोळीच्या झोपडीत) सावली नसते, तहानेला नुसतं पाणी प्यायलं जातं. म्हणून पाणी भरपूर आणि मीठ नेहमीइतकं. मिठाचं ताक चालेल, जेवणातलं मीठ अचानक तोडणं चालणार नाही. "बीपी आहे, मीठ बंद करा" हा सल्ला लिथियमवाल्याला कुणी देत असेल तर आधी मानसोपचार तज्ज्ञाला विचारायला लावा. उलटी-जुलाब सुरू झाले तर त्या दिवशी लिथियम थांबवा, एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी टाकून घोट घोट पाजा, आणि दवाखाना गाठा.

दुसरा धोका दुखण्याच्या गोळीचा. मोळ्या उचलून कंबर, खांदा धरला की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं जातं, नाहीतर गावातला डॉक्टर सुई टोचतो. या गटातली औषधं लिथियम शरीराबाहेर जाऊ देत नाहीत, काही दिवसांतच पातळी विषारी होऊ शकते. पॅरासिटामॉल ५०० ची एक किंवा दोन गोळ्या चालतील, दिवसभरात सहापेक्षा जास्त नाही, आणि रोज दारू पिणाऱ्याला त्याहूनही कमी. बीपीच्या एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोर्थॅलिडोन या गोळ्याही पातळी वाढवतात. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात यातली काही सर्रास वाटली जातात. बीपीची गोळी लागलीच तर त्यातल्या त्यात अम्लोडिपिन सोयीची.

विषबाधेची खूण घरच्यांच्या तोंडी पाठ हवी: हात नेहमीपेक्षा जास्त आणि मोठ्या झोताने थरथरणं, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं, उलटी-जुलाब, गुंगी. बारीक थरथर लिथियमवर अनेकांना असते, तिला घाबरू नका. चालणं किंवा बोलणं बदललं की मात्र गोळी बंद आणि त्याच दिवशी रुग्णालय. १.५ च्या वर पातळी म्हणजे विषबाधा धरायची, २.० च्या वर रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी ठेवायची. पोट धुऊन औषधी कोळसा पाजण्यात वेळ घालवू नका, कोळशाला लिथियम चिकटत नाही.

एक गोष्ट औषधाइतकीच मोठी, ती म्हणजे झोप. फडातलं काम पहाटे अंधारात सुरू होतं आणि गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं. बायपोलरमध्ये सलग दोन-तीन रात्रींची झोप मोडली तर उन्मादाला तेवढं निमित्त पुरतं. त्याला तोडणीवर ठेवा, रात्रीच्या भरणीवर नाही. रोज सहा-सात तास सलग झोप मिळालीच पाहिजे.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णासाठी महिन्यातून एक-दोनदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन सरळ सोपं पडतं. दोन महिने आधी सुरुवात करा. फ्लूफेनाझिन डेकॅनोएट आधी १२.५ मिलिग्रॅम टोचून पाहायचं, मग २५ मिलिग्रॅम दर दोन ते चार आठवड्यांनी. तेलातलं औषध आहे, म्हणून सुई कोरडी, २१ गेजची, कुल्ल्यात खोल, आणि कातडी बाजूला ओढून टोचायची म्हणजे तेल मागे झिरपत नाही. पहिल्या तीन दिवसांत मान वाकडी होणं, जीभ ओढली जाणं होऊ शकतं. त्यावर प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम स्नायूतून दिलं की उतरतं. सुरुवातीचे काही आठवडे रिस्पेरिडोन निम्म्या डोसवर चालू ठेवा.

ट्रायहेक्सिफेनिडिलचं लक्षात असू द्या: त्याने घाम येणं कमी होतं. मानसिक आजाराच्या औषधांसोबत ते घेणारा माणूस मार्च-एप्रिलच्या उन्हात उष्माघाताने लवकर पडतो. गरज उरली नसेल तर जाण्याआधीच हळूहळू कमी करा.

क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचं आणखी एक औषध) सुरू करून अठरा आठवडे झाले नसतील तर त्या रुग्णाने जाऊ नये, दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. त्यानंतरही अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस तसाच सुरू करणं धोक्याचं, १२.५ पासून पुन्हा चढवावा लागतो. लिथियमही तीन महिन्यांच्या आत सुरू केलेलं असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर त्या रुग्णालाही जाण्यापासून थांबवा. उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) घेतलेल्याला "जाऊ नको" म्हणणं सोपं नाही हे मान्य आहे. म्हणून हा निर्णय उचल उचलण्याआधी, पावसाळ्यातच व्हायला हवा.

औषधनिर्माता_लातूर

सर, सविस्तर लिहिलंत. एका ठिकाणी मात्र मला थांबावं लागतं. रोज तीन गोळ्या, साडेपाच महिने, म्हणजे १६५ दिवसांच्या ४९५ गोळ्या. जवळपास दीडशे ग्रॅम लिथियम एका कोपीत, जिथे लेकरं खेळतात, दारू असते आणि पैशाची भांडणं होतात. लिथियम आत्महत्या रोखतं हे खरं, पण एकदम गिळलं तर जीव घेतं हेही तितकंच खरं. म्हणून पंधरा दिवसांचा नियम अगदीच निरर्थक नाही.

शिवाय गोळीचा प्रकार चिठ्ठीत स्पष्ट लिहा. साधी ३०० ची गोळी आणि सावकाश विरघळणारी ४०० किंवा ४५० ची गोळी एकमेकींच्या जागी देता येत नाही. सावकाश विरघळणारी गोळी तोडून किंवा चावून खाल्ली तर औषध एकदम अंगात जातं. परमुलखात दुकानदार हातात असेल ती पट्टी देतो.

मनोविकार_मराठवाडा

मुद्दा अगदी योग्य आहे. सगळ्यांना एकच मोजमाप लावण्यालाच माझा विरोध आहे. गेल्या वर्षभरात ज्याने स्वतःला इजा केली किंवा आत्ता मरणाचे विचार बोलून दाखवतो, त्याच्या हातात पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको. विचारायचं सरळ: "जीव नकोसा वाटतो का? काही ठरवलंय का?" विचारल्याने कुणाच्या मनात नवा विचार पेरला जात नाही. जो दोन वर्षं स्थिर आहे त्याला मात्र साठ दिवसांचं द्या.

पुढचं औषध गावातून जाऊ शकतं. म्हातारे आईवडील बहुतेक वेळा मागेच असतात. त्यांनी दर दोन महिन्यांनी केसपेपर दाखवून गोळ्या उचलायच्या आणि एसटी पार्सलने किंवा टोळीकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवायच्या. रुग्ण समोर नाही म्हणून औषध नाकारायचं नाही, त्या दिवशी फोनवर त्याच्याशी पाच मिनिटं बोलून नोंद करायची. गोळ्या तीस-तीस दिवसांच्या बंद पाकिटात, पाकिटावर महिना लिहिलेला, आणि उघडं पाकीट जोडीदाराच्या ताब्यात. मुकादमाकडे (टोळीच्या ठेकेदाराकडे) कधीच नको. रजा, उचल आणि औषध एकाच माणसाच्या हातात गेलं की माणूस पुरता अडकतो.

आता धोरणाचं बोलतो. पंधरा दिवसांचा रिवाज वर्षभर एकाच गावात राहणाऱ्याला समोर ठेवून पडलाय. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत अर्धं वर्ष निम्मी घरं बंद असतात. औषधाचं वेळापत्रक कारखान्यांच्या हंगामाला जोडलं पाहिजे: ऑगस्टमध्ये यादी, सप्टेंबरमध्ये रक्त, निघताना साठा. ऊसतोड महिलांच्या आरोग्य तपासण्या होतातच, त्या कागदावर "मानसिक आजाराचं औषध चालू आहे का, कोणतं" ही एक ओळ वाढवायला पैसे लागत नाहीत. आणि लिथियमच्या तपासणीसाठी प्रत्येक वेळी नवं यंत्रच हवं असं नाही. सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्रांच्या अनेक मॉडेलांत लिथियमचा इलेक्ट्रोड बसवता येतो. मागणी खालून जात नाही म्हणून तो घेतला जात नाही, आणि तपासणी नाही म्हणून डॉक्टर लिथियम लिहीत नाहीत.

समाजसेवा_बीड

चिठ्ठी आणि मुकादम याबद्दल लिहिते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ प्रमाणे आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. मुकादमाला निदान सांगायचं नाही, रुग्णाने आपणहून परवानगी दिली तरच. मग रात्रीची भरणी कशी टाळायची? दोन वेगळे कागद करा.

पहिला कागद कामाचा, निदानाशिवाय: "यांना वैद्यकीय कारणासाठी रात्रीचं काम देऊ नये, दिवसा पाण्याची सोय असावी." खाली शिक्का. हा मुकादमाला दाखवायचा. दुसरा कागद डॉक्टरांसाठी, बंद पाकिटात: आजार, औषधाचं मूळ नाव, डोस, शेवटची पातळी आणि तिची तारीख, शेवटचं इंजेक्शन आणि पुढची तारीख, टाळायची औषधं, आणि तुमचा मोबाईल. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर दुसरा कागद इंग्रजीत लिहा. दोन्हींचा फोटो नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. कोपीत कागद भिजतो.

याच कायद्याचं कलम १८ सांगतं की आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत. "तुमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा आहे" हे कारण चालत नाही. कुणी ते दिलंच तर वाद न घालता वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एका ओळीचा अर्ज द्या आणि पोच मागा. बहुतेक वेळा अर्ज लिहायला बसलं की औषध निघतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तो रुग्णाच्या नाही, जोडीदाराच्या मोबाईलमध्ये साठवून द्या. आजार उसळतो तेव्हा रुग्ण स्वतः फोन करत नाही.

वैद्यकीय_अधिकारी_शिरोळ

कारखान्याच्या बाजूने थोडं. टोळीतला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तेव्हा संध्याकाळ असते, कागद नसतो, आणि "झोपेची गोळी द्या" एवढंच सांगतो. इंजेक्शनची तारीख लिहिलेली चिठ्ठी असेल तर आम्ही टोचून देऊ शकतो, फक्त अँपूल रुग्णाने सोबत आणावी, आमच्याकडे साठा असेलच असं नाही. टोळी कोणत्या कारखान्याची, कोणत्या गावाजवळ उतरली, हे कळल्या दिवशी तुमच्या आशाताईंनी आमच्या केंद्राला फोन केला तर पहिल्याच आठवड्यात गाठ पडते.

लिथियमच्या रुग्णाला कंबरदुखीची सुई टोचू नये हे चिठ्ठीत लाल शाईने, सगळ्यात वर लिहा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं ओपीडीच्या गर्दीत वाचलं जात नाही.

उपकेंद्र_धारूर

सगळ्यांचे आभार. तिसऱ्या रुग्णाचं व्हॅल्प्रोएट बदलायचं तर कशावर? आणि हंगामाच्या मध्ये लिथियमची एखादी तपासणी करायला हवी का, की परतल्यावरच?

मनोविकार_मराठवाडा

ताई, तिला आधी तज्ज्ञाकडे पाठवा, तुमच्या पातळीवर एकदम बंद करू नका. फिट येत असतील तर एकदम बंद करणं जास्तच धोक्याचं. तज्ज्ञ बहुधा क्वेटियापिन किंवा ओलांझापिनचा विचार करतील. ओलांझापिन असेल तर उपाशीपोटी साखर आणि वजन बघूनच पाठवा. दोन्हींनी गुंगी येते, म्हणून रात्री लवकर घ्यायचं, आणि पहिले काही दिवस कोयता हातात न घेता घरीच काढायचे. बदल पूर्ण व्हायला काही आठवडे लागतात, तोवर गर्भनिरोधक चालू आणि फोलिक ॲसिड रोज. फोलिक ॲसिडने व्हॅल्प्रोएटचा धोका नाहीसा होत नाही, हे तिला आणि नवऱ्याला स्पष्ट सांगा.

मधली तपासणी हवीच. सुरुवातीच्या वर्षात दर तीन महिन्यांनी पातळी बघतात, स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी. ऊसतोड करणाऱ्याला मी स्थिर असला तरी तीन महिन्यांचाच नियम लावीन. संक्रांतीच्या सुमारास जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात एकदा, आणि ऊन तापायला लागलं की फेब्रुवारीअखेर क्रिएटिनिनसह पुन्हा. तिथे लिथियम तपासत नसतील तर निदान क्रिएटिनिन करून घ्या आणि आकडा फोनवर कळवा. तो आधीपेक्षा चढला असेल तर पुढची पातळी येईपर्यंत डोस कमी करायचा की थांबवायचा हे त्याच दिवशी सांगता येतं. यादी करताना प्रत्येक नावापुढे या दोन तारखा आत्ताच लिहून ठेवा आणि शिरोळच्या डॉक्टरांसारखं कुणी ओळखीचं असेल त्या केंद्राचा फोन शेजारी लिहा.